नवी गाणी शोधायला इंटरनेट रेडिओ : सोलापूरकरांकडून वारंवार येणारे प्रश्न

मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात निर्यातीची कागदपत्रं बघते. युरोप-अमेरिकेतल्या ग्राहकांच्या वेळा सांभाळायच्या म्हणून रात्री उशिरापर्यंत बसावं लागतं. त्या शांत तासांत टेबलावर इंटरनेट रेडिओ चालू असतो. चांगलं काही ऐकलं की ओळखीच्यांना कळवायची सवय लागली, आणि मग प्रश्न यायला लागले : जुळे सोलापुरातून, पूर्व भागातून, बार्शी-पंढरपुरातूनही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात म्हणून उत्तरं इथे एका जागी लिहून ठेवते. हवा तो प्रश्न आधी वाचा. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. इंटरनेट रेडिओ म्हणजे मोबाइलमधला एफएमच ना?

नाही. एफएम हवेतल्या लहरी पकडतो. त्याला डेटा लागत नाही, पण इअरफोनची वायर अँटेना म्हणून लावावी लागते आणि दूरच्या गावचं स्टेशन येत नाही. इंटरनेट रेडिओ हा सर्व्हरवरून सलग वाहत येणारा आवाज. नेट असेल तिथे सिएटलचं स्टेशन सोलापुरातल्या एफएमइतकंच स्वच्छ ऐकू येतं.

त्यात दोन जाती आहेत. काही स्टेशनं हवेतही असतात आणि नेटवरही, काही फक्त नेटवर. ही गोष्ट तशी जुनी आहे : अमेरिकेतल्या चॅपल हिल इथल्या डब्ल्यूएक्सवायसी या विद्यार्थ्यांच्या स्टेशननं ७ नोव्हेंबर १९९४ रोजी आपलं प्रक्षेपण इंटरनेटवर सोडलं होतं.

२. गाण्यांचं ॲप आहे, यूट्यूब आहे, तेच नवीन गाणी सुचवतात. मग रेडिओ कशाला?

ॲप तुम्ही काय ऐकलं ते बघून तसंच आणखी काही पुढे करतं. भाचीच्या बारशाला मी दिवसभर पाळण्याची गाणी लावली होती, त्यानंतर दोन महिने मला अंगाईगीतंच येत राहिली. त्यात चूक कोणाची नाही, त्या यंत्राला माझा फक्त मागचा रस्ता माहीत.

चांगल्या रेडिओवर समोर माणूस बसलेला असतो. त्याला तुम्ही ठाऊक नसता. तो स्वतःला भावलेलं लावतो, आणि एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना त्याच्या मनात काही कारण असतं : तोच ढोल, तोच राग, तेच दुःख. मालीच्या गिटारनंतर अमेरिकी ब्लूज लागतं तेव्हा दोन्हींचं नातं कोणी न सांगता कळतं. शिवाय रेडिओवर बहुतेक वेळा गाणं पुढे ढकलता येत नाही (का ते प्रश्न ११ मध्ये). पहिल्या तीस सेकंदांत कंटाळा आलेलं गाणं तिसऱ्या मिनिटाला उघडतं, हे मला रेडिओनं शिकवलं. ॲपवर मी ते गाणं तिसाव्या सेकंदाला घालवलं असतं.

३. कुठल्या स्टेशनपासून सुरुवात करू? एकच सांगा.

एकच सांगायचं तर रेडिओ पॅराडाइज. बिल आणि रेबेका गोल्डस्मिथ या जोडप्यानं २००० साली कॅलिफोर्नियातल्या पॅराडाइज नावाच्या गावातून ते सुरू केलं. जाहिराती नाहीत, श्रोत्यांच्या देणग्यांवर चालतं. रॉक, लोकसंगीत, जॅझ, आफ्रिकेतलं काही, मध्येच सतार, आणि हे सगळं इतक्या काळजीनं एकमेकांत विणलेलं की जोड सापडत नाही. चादरीच्या गावात राहणाऱ्याला ही विणकाम बघण्याची नजर असतेच. नवख्या कानासाठी याहून मोकळं दार मला माहीत नाही.

ते आठवडाभर ऐकल्यावर पुढची पायरी स्वभावानुसार निवडा.

निवेदकाचं बोलणं आवडत असेल तर सिएटलचं केईएक्सपी. १९७२ साली वॉशिंग्टन विद्यापीठात केसीएमयू नावानं सुरू झालेलं हे स्टेशन २००१ पासून केईएक्सपी झालं. नव्या बँडवर यांचा खरा जीव. निवेदक गाण्यामागची हकिकत सांगतात, आणि त्यांच्या स्टुडिओत बँडनी प्रत्यक्ष वाजवलेली सत्रं यूट्यूबवर आहेत.

कशानंतर काय लागेल याचा अंदाजच येऊ नये असं वाटत असेल तर फ्रान्सचं फिप. १९७१ पासून चालू आहे, आता रेडिओ फ्रान्सच्या छत्राखाली. शास्त्रीय पियानोनंतर हिपहॉप, त्यानंतर ब्राझीलचा सांबा. मधूनच एखाद्या बाईंचा मृदू फ्रेंच आवाज दोन वाक्यं बोलतो आणि पुन्हा गाणं. मी फिपवर जितकी नावं टिपली तितकी कुठेच नाही.

काम करताना मागे काहीतरी हवं असेल तर सॅन फ्रान्सिस्कोचं सोमा एफएम. २००० सालापासूनचं, जाहिराती नाहीत, तीसहून जास्त वाहिन्या. 'ग्रूव्ह सॅलड' ही त्यातली सर्वांत प्रसिद्ध, मंद लयीची. इनव्हॉइस तपासताना मी हीच लावते. आपल्याकडच्या सुरावटी इलेक्ट्रॉनिक तालात मिसळलेल्या ऐकायच्या तर 'सबर्ब्स ऑफ गोवा'.

खोल पाण्यात उतरायचं असेल तर लंडनचं एनटीएस. २०११ मध्ये हॅकनी भागात सुरू झालं, दोन थेट वाहिन्या आहेत, जगभरातले लोक आपापला तास सादर करतात आणि जुने कार्यक्रम गाण्यांच्या यादीसकट जपलेले आहेत. न्यू जर्सीचं डब्ल्यूएफएमयू याहून अवघड. तिथे निवेदकाला काय लावावं हे कोणी सांगत नाही, त्यामुळे कधी कान विटतात, कधी आयुष्यभराचं गाणं मिळतं. सुरुवातीलाच तिथे गेलात तर रेडिओचा नाद सुटेल, म्हणून ते शेवटी ठेवा.

आपल्या देशातलं म्हणाल तर दिल्लीचं बॉक्सआउट एफएम, २०१७ मध्ये सुरू झालेलं. भारतातल्या नव्या इलेक्ट्रॉनिक आणि स्वतंत्र संगीताची माझी पहिली ओळख तिथून झाली.

४. डेटा किती जाईल? रोजचा दीड जीबी पुरेल का?

पुरेल, बिनधास्त ऐका. आवाजाचा दर केबीपीएसमध्ये, म्हणजे सेकंदाला किती किलोबिट येतात यात, सांगतात. १२८ केबीपीएसला तासाला साधारण ५८ एमबी जातात, म्हणजे आठ तासांच्या पाळीला पाऊण नाही, अर्ध्या जीबीच्या आतच. ६४ ला तासाला २९ एमबी. ३२० ला १४४ एमबी.

सोमा एफएमसारखी स्टेशनं कमी दराचे पर्यायही देतात. त्यातला 'एएसी प्लस' प्रकारचा ६४ केबीपीएसचा आवाज लहान स्पीकरवर चांगला वाटतो. रेडिओ पॅराडाइजवर 'फ्लॅक' नावाचा पर्याय दिसेल. त्यात आवाजाची काटछाट होत नाही, पण तासाला ४०० एमबीच्या आसपास जातात. तो घरच्या वायफायवर, चांगल्या हेडफोनसाठी ठेवा. मोबाइल डेटावर चुकून चालू राहिला तर संध्याकाळपर्यंत पॅक संपेल.

५. ही स्टेशनं शोधायची कुठे?

तीन जागा सांगते.

रेडिओ गार्डन हे पृथ्वीच्या गोलावर हिरवे ठिपके दाखवतं. ठिपक्यावर आलं की त्या गावचं स्टेशन वाजतं. २०१६ मध्ये नेदरलँड्समध्ये तयार झालं. मुलांना घेऊन बसण्यासारखी गोष्ट आहे : भूगोलाच्या पुस्तकातलं सेनेगल बोटाखाली येतं आणि गायला लागतं. फक्त तिथे बरीचशी स्टेशनं त्या त्या गावची नेहमीची व्यापारी स्टेशनं असतात, त्यामुळे फिरायला उत्तम, मुक्कामाला कमी.

रेडिओ ब्राउझर ही लोकांनी मिळून भरलेली मोफत यादी. देश, भाषा, संगीतप्रकार असं गाळून शोधता येतं. अँड्रॉइडवरचं रेडिओड्रॉइड हे ॲप हीच यादी वापरतं, आणि त्यात जाहिराती नाहीत.

तिसरी जागा म्हणजे आवडलेल्या निवेदकाचं बोट धरणं. एनटीएसवर एखाद्याचा तास आवडला तर तो आणखी कुठल्या स्टेशनवर येतो ते बघा. लॉस एंजेलिसचं डबलॅब मला असंच सापडलं. ते १९९९ पासून चालू आहे. यादी उघडून अमुक हजार स्टेशनं चाळण्यापेक्षा ही वाट दहापट फळते.

६. यादीत हजारो आहेत. चांगलं कुठलं हे ओळखायचं कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न हाच आहे.

मी पहिल्यांदा बघते ते हे, की स्टेशन कलाकाराचं नाव घेतं का. निवेदकानं बोलून किंवा पानावर वेळेसकट लिहून. ज्यांना संगीताची कदर असते ते नाव लपवत नाहीत. केईएक्सपी, फिप, एनटीएस, डब्ल्यूएफएमयू सगळ्यांकडे वाजलेल्या गाण्यांची यादी मिळते. जिथे दोन तास फक्त "नॉनस्टॉप म्युझिक" एवढंच ऐकू येतं आणि गाणारा कोण ते कळत नाही, तिथे नवं संगीत हाती लागत नाही. कानावरून वाहून जातं.

दुसरी परीक्षा पुनरावृत्तीची. सलग तीन दिवस त्याच वेळी अर्धा तास ऐका. तीच गाणी त्याच क्रमानं फिरत असतील तर मागे संगणकाची एक छोटी थैली आहे. आवडलेलं गाणं आठवड्यात दोनदा लागणं वेगळं, केईएक्सपीसुद्धा नव्या गाण्यांना मुद्दाम पुन्हा लावतं. पण चाळीस गाण्यांचं रहाट असेल तर ते लगेच जाणवतं.

तिसरी गोष्ट जुन्या-नव्याची संगत. फक्त याच महिन्याचं लावणारं स्टेशन बाजाराचा भोंगा असतो. फक्त जुनं लावणारं आठवणींचं कपाट. जो माणूस साठ वर्षांपूर्वीचं इथिओपियन जॅझ आणि गेल्या आठवड्यात निघालेलं गाणं शेजारी ठेवतो, त्याच्याकडे दोन्ही समजून घेण्याची कुवत असते.

आणि स्टेशन कोण चालवतं, कुठून चालवतं, संपर्क काय, हे पानावर कुठेतरी लिहिलेलं असावं. नुसतं "टॉप हिट्स ९९९" नाव आणि एक लिंक एवढंच असेल तर मी पुढे जाते.

श्रोत्यांची संख्या, चांदण्या, सुंदर चित्र यांवर जाऊ नका. डब्ल्यूएफएमयूचं पान दिसायला अगदी साधं आहे.

७. इंग्रजी-फ्रेंच कळत नाही. शब्द न कळता गाणं कसं आवडणार?

हे सोलापुरानं विचारावं याचं मला नवल वाटतं. आपल्या गावात कान चार भाषांत वाढतात. नवरात्रात पूर्व भागात पद्मशाली बायका बतुकम्माभोवती फेर धरून गातात ते तेलुगू आपल्यापैकी किती जणांना कळतं? तरी पाय थबकतो. सिद्धरामेश्वरांची वचनं कन्नडमधली आहेत आणि गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजामागे चालणारा मराठी माणूस त्या गजरात पूर्ण सामील असतो. विजापूर वेशीला उर्दू कव्वाली कानावर येते. शब्द पुरते न कळता संगीत कळण्याचा सराव आपल्याला लहानपणापासून आहे, फक्त तो सराव आहे हे कोणी सांगितलेलं नसतं.

व्यवहारात सुरुवात जवळच्या सुरांपासून करा. लावणीच्या ढोलकीची सवय असलेल्या कानाला पश्चिम आफ्रिकेचा ताल पटकन घरचा वाटतो. भजनात टाळ-पखवाजाबरोबर वाढत जाणारी लय ज्याला माहीत आहे त्याला मोरोक्कोचं ग्नावा संगीत लगेच धरतं : तिथेही लोखंडी टाळ, तिथेही रात्रभराचं गाणं, तिथेही भक्ती. माझ्या आईला इंग्रजी येत नाही. फिपवर लागलेलं एक पोर्तुगीज फादो ऐकून ती म्हणाली, "ही बाई कुणाची तरी वाट बघतीया." फादोचा प्राण तोच.

८. मराठी, कन्नड, तेलुगू किंवा शास्त्रीय काही आहे का?

आहे, आणि ते बहुतेक जण विसरतात : आकाशवाणी. प्रसार भारतीच्या 'न्यूज ऑन एअर' ॲपमध्ये आकाशवाणीच्या दोनशेहून जास्त वाहिन्या थेट ऐकता येतात. नावात बातम्या असल्या तरी गाणी भरपूर. पुण्यात नोकरीला गेलेली आपली मुलं तिथे सोलापूर केंद्र लावतात. कन्नडसाठी धारवाड, तेलुगूसाठी हैदराबाद लावून बघा. सीमेवरच्या आपल्या जिल्ह्याला हे दोन्ही शेजारी.

शास्त्रीयसाठी 'आकाशवाणी रागम'. २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास हिंदुस्तानी आणि कर्नाटक दोन्ही. नवं संगीत म्हणजे आजच निघालेलं, असं धरू नका. ज्यानं कधी कर्नाटक रागम-तानम-पल्लवी ऐकलेली नाही त्याला ती पूर्ण नवी आहे, आणि मालकंस माहीत असलेल्याला त्याचंच कर्नाटक रूप हिंदोळम ओळखताना जो आनंद होतो तो वेगळाच.

नव्या स्वतंत्र मराठी गाण्यांसाठी मात्र मी तरी छाती ठोकून सांगावं असं चोवीस तासांचं स्टेशन नाही. ही उणीव मला मनापासून टोचते.

९. गाणं आवडलं, पण नाव कळायच्या आत संपलं. आता?

घड्याळात बघा आणि वेळ लिहा. एवढं केलं तर गाणं हरवत नाही. स्टेशनच्या पानावर वाजलेल्या गाण्यांची यादी वेळेसकट असते, त्यात ते सापडतं. फक्त वेळ त्यांच्या देशाची असेल, त्याचा हिशेब प्रश्न १० मध्ये. नेटचा आवाज प्रत्यक्षापेक्षा अर्धा-एक मिनिट मागे असतो, म्हणून यादीत आगेमागेचं एकेक गाणंही बघा.

गाणं चालू असतानाच नाव हवं तर आधी प्लेअरच्या पट्टीकडे पाहा, बऱ्याचदा तिथेच लिहिलेलं असतं. नसेल तर गाणं ऐकून नाव सांगणारं शझॅम हे ॲप लावा. निवेदक बोलत असताना किंवा स्टुडिओत प्रत्यक्ष वाजत असताना ते चुकतं.

मी वही ठेवते. तारीख, स्टेशन, कलाकार, आणि एक ओळ की का थांबले. "बासरीसारखं काहीतरी, पावसाचं" अशा ओळीवरून दोन वर्षांपूर्वीचं गाणं पुन्हा सापडलं आहे. फोनमध्ये स्क्रीनशॉट काढून ठेवले होते, ते मी पुन्हा कधीच उघडले नाहीत.

१०. तिकडचे चांगले कार्यक्रम आपल्याकडे किती वाजता लागतात?

लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेचार. पॅरिस साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन. सिएटल साडेतेरा, उन्हाळ्यात साडेबारा. म्हणजे सिएटलचे सकाळचे सात आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी साडेसात आणि हिवाळ्यात रात्री साडेआठ. जेवण उरकून ऐकायला अगदी सोयीचं.

घोटाळा होतो तो मार्च आणि नोव्हेंबरच्या आसपास. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. परत येताना युरोप ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या. "कार्यक्रम बंद झाला का?" असे निरोप मला दरवर्षी याच आठवड्यांत येतात. बंद झालेला नसतो, एक तास सरकलेला असतो.

वेळ चुकलीच तर केईएक्सपीवर मागचे दोन आठवडे पुन्हा ऐकता येतात, एनटीएसवर जुने कार्यक्रम कायम असतात.

११. गाणं पुढे का ढकलता येत नाही? आणि एखाद्या गायकाची सगळी गाणी सलग का लावत नाहीत?

पुढे ढकलता येत नाही, कारण सगळ्या श्रोत्यांना एकच सलग प्रवाह जातो. एका गायकाची सगळी गाणी सलग लागत नाहीत ती कायद्यामुळे. अमेरिकेत नेटवरच्या रेडिओला सवलतीच्या सरसकट परवान्यावर गाणी लावायची तर १९९८ च्या कायद्यातल्या अटी पाळाव्या लागतात. तीन तासांत एका कलाकाराची चारपेक्षा जास्त गाणी नाहीत आणि त्यातली सलग तीनच. एका अल्बममधली तीन, सलग दोनच. पुढे नेमकं कुठलं गाणं लागणार हे आधी जाहीर करायचं नाही. जुना कार्यक्रम दोन आठवड्यांहून जास्त ठेवायचा नाही ही अटही त्यातलीच, आणि केईएक्सपीचे दोन आठवडे तिथून आले आहेत.

श्रोत्याला याचा फायदाच होतो. कलाकार बदलत राहतो आणि नवी नावं कानावर येत राहतात. गाणं न ढकलता येण्याला अपवाद म्हणजे रेडिओ पॅराडाइजचं ॲप, त्यात गाणं ओलांडायचं बटण आहे. मी ते वापरत नाही.

१२. आवाज तुटतो, नाहीतर स्क्रीन बंद झाली की रेडिओच बंद होतो.

या दोन वेगळ्या तक्रारी आहेत.

स्क्रीन बंद झाल्यावर थांबत असेल तर फोन बॅटरी वाचवायला ॲप बंद करतोय. सेटिंगमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन निर्बंध काढा. दहापैकी आठ जणांचं काम इथेच होतं.

आवाज तुटत असेल तर आधी कमी दराचा पर्याय निवडा (प्रश्न ४). व्हीएलसी हा मोफत प्लेअर वापरत असाल तर 'नेटवर्क कॅशिंग' ५००० (मिलिसेकंद) करा. मग तो पाच सेकंदांचा आवाज आधीच साठवून ठेवतो आणि नेटचे छोटे धक्के जाणवत नाहीत. लिंक ब्राउझरमध्ये उघडतच नसेल तर तीच व्हीएलसीत टाका. संगणकावर कंट्रोल आणि एन दाबलं की जागा येते. पीएलएस किंवा एम३यू असं शेपूट असलेली फाइल उतरली तर घाबरू नका. त्यात गाणं नसतं, स्टेशनचा पत्ता असतो. तीही व्हीएलसीत उघडते.

हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना मध्ये रेंज जातेच. त्यासाठी रेडिओ पॅराडाइजच्या ॲपमध्ये काही तासांचं संगीत आधी साठवून ठेवायची सोय आहे. आदल्या रात्री घरच्या वायफायवर भरून ठेवा. उन्हाळ्यात वीज जाते आणि राऊटर बंद पडतो तेव्हाही हेच उपयोगी पडतं.

१३. वडील सत्तरीचे आहेत. त्यांना मोबाइलची खटपट जमत नाही.

घरातला जुना अँड्रॉइड फोन घ्या, त्यातलं बाकी सगळं काढा, रेडिओड्रॉइड ठेवा आणि आवडीमध्ये फक्त तीन स्टेशनं घाला. चार नको. फोन चार्जरला लावून एका ब्लूटूथ स्पीकरला जोडा. त्यांचा हात रेडिओच्या बटणावर वाढलेला आहे, त्यामुळे एक ठरलेली जागा आणि एक ठरलेला डबा असला की जमतं. पहिलं स्टेशन ओळखीचं असू द्या, आकाशवाणी सोलापूर किंवा विविध भारती. दुसरं रागम. तिसरं तुमच्या आवडीचं, आणि त्यांच्याशेजारी बसून ते ऐका.

१४. "तुमच्या देशात उपलब्ध नाही" असं का येतं?

गाण्यांचे हक्क देशागणिक विकले जातात म्हणून. पँडोरा ही नेटवर गाणी ऐकवणारी सेवा फक्त अमेरिकेत चालते, ती भारतातून लागणार नाही. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसांनाही ही अडचण येते : तिथून रेडिओ गार्डन उघडलं तर बाहेरच्या देशांची स्टेशनं लागत नाहीत. दुसऱ्या देशातून नेट वापरतोय असं भासवणाऱ्या व्हीपीएननं पळवाट काढता येते का, असं विचारतात. माझा सल्ला नाही असाच आहे. प्रश्न ३ मधली स्टेशनं भारतातून सरळ लागतात आणि ती ऐकून संपायची नाहीत.

१५. दुकानात किंवा कारखान्यात दिवसभर लावला तर चालेल?

घरी ऐकणं आणि ग्राहकांसाठी वाजवणं यांत कायदा फरक करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हॉटेल, सलून, दुकान अशा ठिकाणी संगीत वाजवणं हे सार्वजनिक सादरीकरण ठरतं आणि त्याला परवाना लागतो. शब्द आणि चालीसाठी आयपीआरएस, ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल या संस्था आहेत. मूळ स्टेशननं त्याच्या देशात पैसे भरले म्हणून तुमचं भागत नाही.

यंत्रमागाच्या शेडबद्दल वेगळंच सांगायचं आहे. तिथे शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. त्या खडखडाटावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवला तर कान दुप्पट मार खातात, आणि गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. माझ्या मामांना आता सनईचे वरचे सूर ऐकू येत नाहीत. पाळी संपल्यावर ऐका. शेडमध्ये कानात कापूस नको, कारखान्याकडून कानाचे प्लग मागून घ्या.

१६. मोफत ऐकतो, तर कलाकाराला काय मिळतं? मला काही पाठवता येईल का?

स्टेशन परवान्याचे पैसे भरतं, पण छोट्या कलाकाराच्या हाती त्यातलं फार थोडं पडतं. गाणं खरंच मनात बसलं तर कलाकाराचं पान बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या साइटवर शोधा. तिथे डिजिटल विक्रीवर कंपनी साधारण १५ टक्के ठेवते, व्यवहाराचा खर्च वजा जाता बाकीचं कलाकाराला जातं. आपल्या कार्डावर परदेशी व्यवहार बहुधा बंद असतात, बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा कमी ठेवा आणि खरेदी झाल्यावर पुन्हा बंद करा. मी दर दिवाळीला वहीतली तीन नावं निवडते आणि त्यांचं एकेक गाणं विकत घेते.

रेकॉर्डिंग करून वाटू का, असंही विचारतात. वाटू नका. स्टेशनची लिंक पाठवा, त्यांचा एक श्रोता वाढेल.

१७. महिनाभर ऐकतोय, पण काही लागत नाही. माझा कानच तसा आहे का?

कानाचा दोष नाही, बहुधा फार स्टेशनं बदलली जातात. एक निवेदक धरा. आठवड्यातून एकदा त्याचाच तास, चार आठवडे. पहिल्या आठवड्यात सगळं सारखंच वाटेल. तिसऱ्यात त्याच्या आवडीची दिशा कळते, आणि मग त्यानं लावलेलं अनोळखी गाणंही ओळखीच्या माणसानं आणून दिल्यासारखं वाटतं. तरी जमलं नाही तर निवेदक बदला. आणि भांडी घासताना ऐकलेला तास वेगळा, दिवे बंद करून ऐकलेला वेगळा. आठवड्यात एक तास तरी दिवे बंद करून ऐका.

१८. आमच्या गल्लीतल्या पोरांनी गाणं केलंय. ते अशा स्टेशनवर लागू शकतं का?

लागू शकतं. केईएक्सपी आणि सोमा एफएम अनोळखी कलाकारांकडून गाणी स्वीकारतात, पाठवायची पद्धत त्यांच्या पानावर दिलेली असते, ती अक्षरशः पाळा. पन्नास जणांना एकच पत्र टाकू नका. ज्या निवेदकाचा कार्यक्रम पोरांनी खरंच ऐकलाय त्याला चार ओळी लिहा : आम्ही कोण, गाणं कोणत्या भाषेत, कशाबद्दल, आणि ऐकायची एक लिंक. मोठी फाइल जोडू नका. फाइलमध्ये कलाकाराचं आणि गाण्याचं नाव भरलेलं असू द्या, नाहीतर लागलं तरी ऐकणाऱ्याच्या पट्टीवर "अनोळखी" असंच दिसेल.

त्याच वेळी आकाशवाणीच्या स्वरचाचणीचीही चौकशी करा. तिथे बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी असतात आणि श्रेणी मिळाली की मानधनासह कार्यक्रम मिळू शकतो. चाचणी शास्त्रीय, सुगम, लोकसंगीत अशा गटांत होते. पोरांचं रॅप त्यांत बसणार नाही, पण हलगी वाजवणारा मुलगा लोकसंगीतात नक्की बसेल.

पत्रात आणखी एक करा. गाणं तेलुगू-मराठी मिसळून असेल तर ते लपवू नका, पहिल्याच ओळीत सांगा, आणि गावाचं नाव लिहा. सोलापूर कुठे आहे ते तो निवेदक नकाशात शोधेल.